उंदराचं म्हातारपण

उंदराचं म्हातारपण पाहिलेली माणसं आपल्याकडे फार थोडी असतील. उंदीर म्हातारा होण्याइतका जगतच नाही. घुबड, मांजर, धामण, सापळा, झिंक फॉस्फाईड, नाहीतर नाल्याचा पूर, कोणी ना कोणी वर्षाच्या आतबाहेर त्याचा हिशेब पुरा करतं. शेतातल्या उंदराला लुळे पाय ठाऊक नाहीत की मोतीबिंदू ठाऊक नाही. पाळलेला पांढरा उंदीर मात्र दोन-अडीच वर्षं, क्वचित तीन वर्षं काढतो आणि त्यातले शेवटचे काही महिने त्याचे कान पातळ होतात, पाठीचे मणके हाताला लागतात, उडी चुकते, श्वास घरघरतो. हे म्हातारपण त्याला आपण दिलेलं आहे. दाणापाणी दिलं, मांजरापासून आडोसा दिला, त्याच हाताने म्हातारपणही त्याच्या पदरात घातलं. आणि म्हातारपणाबरोबर त्याचे सगळे रोग. मग ते निस्तरायचे कोणी?

मला हा प्रश्न पडला तो कौंडण्यपुरात. वर्धा नदीच्या काठावरचं हे गाव रुक्मिणीचं माहेर म्हणून महाराष्ट्राला माहीत. चहूकडे कपाशी, तूर, हरभरा. आणि उंदराचं नाव निघालं की माणूस आधी काठी शोधतो.

ठकी आणि चिंगी आमच्याकडे आल्या त्या अर्ध्या म्हाताऱ्या होऊनच. गल्लीतल्या एका पोराने अमरावतीच्या दुकानातून त्या हौसेने आणल्या होत्या. पोरगा पुढे शिकायला पुण्याला गेला आणि पिंजरा पडला त्याच्या आईच्या गळ्यात. ती बिचारी त्यांना नदीवर सोडायला निघाली होती. पांढरा उंदीर उघड्या काठावर किती टिकणार? कावळ्यांनी संध्याकाळ होऊ दिली नसती. वाटेत माझं घर लागतं. "बाई, तुम्ही विज्ञान शिकवत होत्या नं शाळेत, तुम्हीच ठेवा," म्हणाली आणि ओट्यावर पिंजरा ठेवून मोकळी झाली.

हे पांढरे, लाल डोळ्यांचे उंदीर आपल्या माळ्यावरच्या उंदरांचे सख्खे नव्हेत. 1906 साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत प्रयोगशाळांसाठी उंदरांचा एक पांढरा वाण तयार करण्यात आला. जगभरच्या प्रयोगशाळांतल्या पुष्कळ वाणांचं मूळ तिथवर जातं. माणसाच्या हाताला बिचकू नये, चावू नये, पिंजऱ्यात सुखाने राहावं, असा त्यांचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या घडलेला. नजर मात्र अधू. समोरची वस्तू किती लांब आहे हे कळावं म्हणून डोकं सावकाश डावीकडे-उजवीकडे डोलवतात. आमच्या घरी आलेल्या एका आजीबाईंना वाटलं, ठकीच्या अंगात येतंय. त्यांनी हात जोडले.

चिंगीचा आजार छातीचा. मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू या उंदरांच्या फुप्फुसात बहुधा आईकडूनच आलेला असतो. तरुणपणी तो गप्प बसतो, अंगातली ताकद ओसरली की डोकं वर काढतो. रात्री घर निजलं की तिच्या छातीतून कबुतर घुमल्यासारखा आवाज यायचा. श्वास घेताना कुशी आत ओढल्या जायच्या. डोळ्यांभोवती, नाकाभोवती लाल ओघळ सुकलेले असायचे. पहिल्यांदा पाहणारा दचकतो, त्याला ते रक्त वाटतं. पण ते असतं पॉर्फिरिन, डोळ्यामागच्या एका ग्रंथीतून पाझरणारं लाल द्रव्य. धडधाकट उंदीर दिवसातून दहादा तोंड धुतो, त्यामुळे ते दिसत नाही. आजारी उंदराला तोंड धुणं होत नाही. मी सकाळी कोमट पाण्यात बोळा बुडवून चिंगीचं तोंड पुसायची. कापूस घरचाच. मी पुसून झालं की ठकी यायची आणि तेच तोंड पुन्हा, कानाच्या पाळीपासून, चाटून साफ करायची. माझं काम तिला कधी पसंत पडलं नाही.

शिकागोच्या शास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. नळीत कोंडलेल्या सोबत्याला दुसरा उंदीर दार उघडून बाहेर काढतो आणि शेजारी चॉकलेट ठेवलं असलं तरी निम्म्याहून अधिक वेळा त्यातलं थोडं सोबत्यासाठी उरवतो, असं त्यांना दिसलं. मला वाचून नवल वाटलं नाही. नवल याचं वाटलं, की हे बघायला नळी लागली.

ठकीला गाठ झाली. मादी उंदराच्या स्तनांचा भाग गळ्यापासून जांघेपर्यंत पसरलेला असतो, त्यामुळे गाठ काखेतही येते, मांडीलाही. ठकीची काखेत. पोळ्याला हरभऱ्याएवढी होती, दिवाळीला बोराएवढी, आणि संक्रांतीला लिंबाएवढी. या गाठी बऱ्याचदा साध्या असतात, कॅन्सरच्या नसतात. पण साधी गाठही वाढायची थांबत नाही, आणि तीनशे ग्रॅमच्या देहाला लिंबाचं ओझं म्हणजे काय, याचा अंदाज आपल्या देहावर करून पाहावा. ती मग पुढचा एक पाय बाहेर टाकून, डुलत चालायला लागली.

तालुक्याच्या दवाखान्यात सगळी मापं गुराढोरांची. सुया बैलाच्या, सलाईनच्या बाटल्या गाईच्या. डॉक्टर अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत शिकलेले, तरुण. त्यांनी ठकीला तळहातावर घेतलं आणि स्टेथोस्कोप लावला, तर चकतीखाली तिचं अर्धं अंग झाकलं गेलं. "बाई, हिचे ठोके मिनिटाला तीन-चारशे. मोजू कसे?" म्हणाले आणि तरीही डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. गाठ काढता येईल, पण भूल सोसेलच असं नाही, छाती दोघींचीही शंकास्पद. असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आम्ही कापाकापी नको असं ठरवलं. औषधाचा डोस वजनावर ठरतो, म्हणून वजन हवं. ते मी किराणा दुकानातल्या काट्यावर केलं, सुपारी-वेलची तोलतात त्या. दुकानदाराने अट घातली, गिऱ्हाईक नसताना या. किराणा दुकानात उंदीर, तोही गिऱ्हाइकाने पिशवीतून आणलेला! पण मग त्यालाच गोडी लागली. "आज किती भरली?" म्हणून तोच विचारायचा.

खरी पंचाईत औषध देण्याची. चिंगीला डॉक्सिसायक्लिन सुरू झालं, माणसांना देतात तेच. कडू जहर. दुधा-दह्यात कालवावं तर त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं, ते अंगाला लागत नाही. केळ्यात कालवलं तर चिंगीने हुंगलं, जिभेला टेकवून पाहिलं आणि पाठ फिरवली. पुढे साधं केळंही खाईना. उंदराला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं बाहेर काढायची सोय नाही, म्हणून नव्या चवीचा पदार्थ तो आधी नखभर खातो, थांबतो, पोट काय म्हणतं ते पाहतो, आणि एकदा शंका आली की जन्मभर त्या चवीच्या वाटेला जात नाही. या एका शहाणपणावर त्याची जात टिकली.

आमचे हे बाजेवर बसून पाहत होते. शेतकरी माणूस, उंदरांशी त्यांची ओळख माझ्यापेक्षा जुनी आणि निराळ्या नात्याची. म्हणाले, "अवं, तू पहिल्याच दिवशी औषध टाकतं. मंग थे काऊन खाईन? आधी दोन-तीन दिस साधं चार. भरोसा बसू दे. मंग टाक."

शेतात विष घालायची रीत हीच आहे. पहिले दोन-तीन दिवस भरड्याला नुसतं तेल चोळून बिळापाशी ठेवायचं, बिनविषाचं. उंदीर चाखतो, काही होत नाही, निर्धास्त होतो. मग त्याच भरड्यात झिंक फॉस्फाईड. कृषी खात्याची माणसंही हेच सांगतात. मी केळं सोडून गूळ-शेंगदाण्याचं वाटण घेतलं. दोन-तीन दिवस नुसतंच दिलं, मग कणभर औषध, मग थोडं जास्त. चिंगी बोटावरून चाटून खाऊ लागली. झिंक फॉस्फाईडची पुडी माळ्यावर, डॉक्सिसायक्लिनची पट्टी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर. एकाच घरातल्या या दोन वस्तू आम्ही एकाच युक्तीने उंदरांना खाऊ घालत होतो.

यात विसंगती आहे हे मला दिसतं. ती मिटवावी असं मला वाटत नाही. तुरीला उंदीर लागला की हे माळ्यावरची पुडी काढणार आणि मी अडवणार नाही. अडवलं तर वर्षभर खायचं काय? भूतदयेवर भाषण करणाऱ्यांनी एकदा हरभऱ्याचे कुरतडलेले घाटे पाहावेत. आमच्याच जिल्ह्यात रिद्धपूर आहे, म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जिथं गोळा केल्या ते. त्यात सशाची लीळा आहे. शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन लपतो, शिकारी तो मागतात, आणि स्वामी देत नाहीत. रानातल्या बाकीच्या सशांचं त्या दिवशी काय झालं, याची चौकशी त्या लीळेत कोणी करत नाही. मला ती लीळा त्यासाठीच खरी वाटते. करुणा सगळ्यांसाठी असते असं पुस्तकात असतं. हाताशी मात्र एकच ससा येतो.

गावाने अर्थातच नावं ठेवली. "माणसाले औषध भेटत नाही अन् मास्तरीणबाई उंदराले पाजून राह्यल्या." खोटं काय त्यात? ज्या भागात कर्जापायी माणसं फवारणीचं औषध पितात, तिथं उंदराच्या छातीसाठी कॅप्सूल फोडणारी बाई हास्यास्पदच दिसणार. माझ्याकडे याला उत्तर नाही. एवढं मात्र पाहिलं, की हा प्रश्न विचारायला आलेल्यांपैकी कोणी कधी आजाऱ्याच्या उशाशी बसलेलं नव्हतं. जे बसले होते त्यांनी दुसरेच प्रश्न विचारले: लघवी होते का, झोप लागते का, खाल्लेलं पचतं का.

काही भीतीनेही बोलत. ती भीती जुनी आहे आणि खरीही. 1994 साली बीड जिल्ह्यातल्या मामल्याला प्लेग निघाल्याची बातमी आली, पाठोपाठ सुरतेची, तेव्हा बाया दाराशी मेलेलं चिचुंद्र दिसलं तरी किंचाळायच्या. त्याआधीचा 1896 चा मुंबईचा प्लेग आजी-पणजीच्या गोष्टींतून आलेला: उंदीर पटापट पडायला लागले की घर सोडून शेतात झोपड्या बांधायच्या. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने 1898 मध्ये कराचीत दाखवून दिलं, की रोग पोहोचवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. म्हणजे त्या साथीत उंदीर माणसाच्या आधी मरत होता, त्याच रोगाने, आणि नाव मात्र त्याचं झालं. मी पिंजरा साफ करून हात साबणाने धुते, लहान लेकरांना तोंडाशी धरू देत नाही, घरातल्या रानटी उंदरांचा संपर्क येऊ देत नाही. यापुढे भ्यायचं कारण मला दिसत नाही.

देण्याघेण्याचा हिशेब काढायचाच तर दुसऱ्या बाजूनेही निघेल. अमरावतीच्या तपोवनात दाजीसाहेब पटवर्धनांनी ज्या कुष्ठरोग्यांना आसरा दिला, त्यांच्या रोगाचा जंतू प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत आजही वाढत नाही. त्यामुळे औषध तपासायचं कशावर, हाच प्रश्न होता. 1960 साली अमेरिकेत चार्ल्स शेपर्ड यांनी तो जंतू उंदराच्या पायाच्या तळव्यात वाढवून दाखवला. ते उंदीर ठकीच्या जातीहून लहान, पण गोत्र तेच. कुष्ठरोगाची औषधं पुढे त्या तळव्यांवर पारखली गेली. आमच्या लहानपणी बाजाराच्या रस्त्यावर बोटं झडलेली माणसं रांगेने बसलेली असत. आता ती रांग नाही. त्या तळव्यांतल्या एकालाही म्हातारपण मिळालं नसणार.

चिंगी माघात गेली. थंडी तिच्या छातीला झेपली नाही. वाफ दिली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवली, पण शेवटी ती मान वर करून, तोंड उघडून श्वास घेऊ लागली. उंदीर नाकानेच श्वास घेणारा प्राणी. त्याने तोंड उघडलं की फार थोडं उरलेलं असतं. ठकी सकाळपर्यंत तिला चिकटून होती. मग उठली आणि भात खाल्ला. एकटा उंदीर झुरतो म्हणतात. ठकी झुरली नाही, पण दुपारी झोपायला माझ्या पदराची गुंडाळी शोधू लागली.

चैतात तिचे मागचे पाय गेले. म्हाताऱ्या उंदरांच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंची झीज होते आणि मागचा भाग लुळा पडत जातो. पुढच्या दोन पायांवर ती स्वतःला ओढत नेई, शेपूट मागून फरफटत. आणि वर वऱ्हाडचा उन्हाळा. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की माणसं दारं लावून कूलरसमोर पडतात. उंदराला तर घाम येत नाही, अंगातली उष्णता तो शेपटीतून बाहेर टाकतो. लाइट गेली की मी फुटक्या माठाचं खापर भिजवून पिंजऱ्यात ठेवायची. ती पोट टेकवून त्यावर पसरायची आणि शेपूट मात्र खापरावर आणायला तिला जमायचं नाही. ती मी उचलून ठेवायची.

पलीकडच्या घरची सून एकदा ताक घेऊन आली. तिने सासूचं लकव्याचं दुखणं वर्षानुवर्षं काढलेलं. पिंजऱ्याकडे एक नजर टाकून ती खाली बसली आणि सरळ ठकीच्या पोटाखाली दोन बोटं घातली. "काकू, इले कूस बदलून देत जा नं. एकाच अंगावर पडू देसान तं जखमा होतीन. अन् हे खालून ओलं हाये, कोरडं करा, कातडी सडते." मग तिने फडक्याची चार पदरी घडी केली, मधे खळगा केला आणि ठकीला त्यात टेकून बसवलं. ठकी ताठ बसली आणि पुढच्या दोन पंजांनी तोंड धुऊ लागली. कितीतरी दिवसांनी. आधार नसल्यामुळे तिला तोल सांभाळून तोंडापर्यंत हात नेता येत नव्हते, हे आम्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हिला दुखत असेल का गं?" मी विचारलं.

"नाही वाटत. डोये पाहा नं, उघडे हायेत. दुखलं का डोये बारीक होतेत, नाक चपटं होते. आमच्या मायबाईचं तोंड असंच होये."

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात उंदरांच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची एक पट्टी तयार झाली आहे, 2011 ची. त्यात पाहायच्या खुणा चार: डोळे किती मिटले आहेत, नाक आणि गाल किती चपटे झाले आहेत, कान कसे वळले आहेत, मिशा कशा आहेत. चारांतल्या दोन आमच्या शेजारणीने सासूच्या तोंडावरून शिकून ठेवल्या होत्या. उरलेल्या दोन सासूला लागू नव्हत्या.

ज्येष्ठात रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघाली. चारशेहून जास्त वर्षांची ही वारी. माहेरची पालखी म्हणून तिचा मान वेगळा. जाऊबाई गेल्या, मी राहिले. ठकी तोवर घडीतून उठत नव्हती. भाताची पेज बोटावरून घेई. मग तीही नको झाली. दोन दिवस डोळे अर्धे मिटलेले. तिसऱ्या दिवशी डॉक्टर घरी आले, त्यांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, "बाई, आता थांबू या." सुई त्यांनी शहरातून बारीक आणून ठेवली होती, हे तेव्हा कळलं. शरण आलेल्याला वाचवायचं, इथवर लीळेत असतं. त्याला सुखाने मरू देण्याचा भाग आपल्याला आपल्या जबाबदारीवर ठरवावा लागतो. म्हातारपण आपण दिलं, तर त्याचा शेवटही दुसऱ्यावर ढकलता येत नाही. मी हो म्हणाले. यांनी परसात खड्डा खणला, उगाच खोल. "कुत्रे उकरतीन नाहीतं," म्हणाले.

पेरण्या आटोपल्या तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. धामणगावच्या एका मुलीकडे पांढरा उंदीर आहे, छाती घरघरते, औषध तोंडाला लावू देत नाही. "तुम्ही कसं पाजत होत्या ते तिला सांगाल का?" मी फोन यांच्या हातात दिला. हे नुकतेच शेतातून आले होते, हाताला अजून मातीच होती. फोन खांद्यात धरून त्यांनी सुरुवात केली, "हां बेटा, आयक. औषधाची घाई नोको करू. पहिले दोन-तीन दिस नुसतं साधं दे. शेंगदाणा कुटून गुळात. खाऊ दे, भरोसा बसू दे त्याले..."

"दह्यात नको म्हणावं!" मी आतून ओरडले.

"अन् दह्यात नोको. काकू म्हणते दह्यात नोको."